हुशार की हुषार?

आमच्या बेळगावात शहापूर आहे, तसं भोपाळात शाहपुरा आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्नानंतर भोपाळला गेली. भावोजी भेलमध्ये होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाहपुऱ्यात घर घेतलं. त्यामुळे मी तिकडे निघाले की घरात ठरलेली चेष्टा सुरू होते, "निघाली शहापूरहून शाहपुऱ्याला!" आमचं शहापूर जुनं, एके काळी सांगली संस्थानातलं, साड्यांचं आणि मागांच्या खटखटीचं. तिकडचं शाहपुरा नव्या भोपाळातलं, तळ्याकाठचं, संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीचं. दोन्हींना जोडणारी गोवा एक्सप्रेस. कुंद्याचा डबा घेऊन इथे बसायचं आणि भोपाळला उतरायचं.

गेल्या महाशिवरात्रीच्या आधी मी लेकीला घेऊन अशीच निघाले. निमित्त भाचीचं. ही मुलगी गेली दोन-तीन वर्षं प्रस्तरारोहण शिकते. म्हणजे दोर बांधून कडे चढते. "मावशी, आम्ही पचमढीला चाललोय चार दिवस. तुम्ही दोघी या. तू नुसती बघायला ये," असं तिने फोनवर सांगितलं. लेक उड्या मारायला लागली. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

तो गोळा जुना आहे. त्याची गोष्ट आधी सांगायला हवी.

मे १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. एव्हरेस्टवर पाय ठेवणारे ते पहिले महाराष्ट्रीय. वर्तमानपत्रांतून फोटो आले आणि आमच्या वर्गातल्या मुलांच्या अंगात गिर्यारोहण शिरलं. कुणालाच काही येत नव्हतं. कॉलेज उघडलं, पाऊस लागला आणि एका रविवारी आम्ही दहा-बाराजण घाटातल्या एका धबधब्यावर गेलो. घरी कुणी काही सांगितलं होतं, कुणी काहीच सांगितलं नव्हतं. दोर नव्हता, वाट माहीत असलेलं कुणी नव्हतं. दुपारी वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असणार. गुडघाभर असलेलं पाणी बघता बघता गढूळ झालं आणि वाढलं. आमच्यातला एकजण पलीकडच्या खडकावर होता. तो परत यायला निघाला आणि शेवाळावरून पाय सुटला. दुसऱ्या दिवशी तो खाली ओढ्याच्या वळणावर सापडला. त्याच्या आईने मला विचारलेला प्रश्न आजही कानात आहे, "तुम्ही सगळे होता ना तिथं?"

होतो. सगळे होतो. पण "आता परत फिरू या" असं म्हणणारं त्यात कुणी नव्हतं.

त्यानंतर मी डोंगराकडे पाठ फिरवली. पुढे कॉलेजात शिकवायला लागले, पण मुलांच्या सहलीबरोबर कधी गेले नाही. लेकीला तर सोडलंच नाही. २०२२ साली ती अकरावीत होती. ऑक्टोबरच्या सुट्टीत दांडेलीजवळ चार दिवसांचं शिबिर होतं. मोठ्या मुश्किलीने हो म्हटलं, पैसे भरले. आणि ४ ऑक्टोबरला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमकडा कोसळल्याची बातमी आली. गिर्यारोहण शिकायला गेलेल्या तुकडीतले सत्तावीसजण गेले, दोघे सापडलेच नाहीत. गेलेल्यांत सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं चढलेली मुलगी. ती बातमी वाचून मी लेकीचं दांडेली रद्द केलं. कुठे हिमालयातली हिमशिखरं आणि कुठे दांडेलीचं जंगल! पण भीतीला भूगोल कळत नाही. लेक आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण डोंगराचा विषय तिने माझ्यापुढे पुन्हा काढला नाही. ते गप्प राहणं मला जास्त टोचत होतं.

निघताना आमच्या अत्ती दारात आल्या. माझ्या सासूबाई धारवाडकडच्या. त्या कानडीत बोलतात, मी मराठीत उत्तर देते, असं आमचं वीस-बावीस वर्षं छान चाललंय. नातीच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "हुषार! होगि बा."

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांशी खेळायची खोड. आपल्याकडे हुशार म्हणजे बुद्धिमान, पहिल्या नंबराचा. कानडीत हुषार म्हणजे सांभाळून, जपून. दोन्ही आले फारसीतल्या होशियारवरून. होश म्हणजे भान, होशियार म्हणजे भानावर असलेला. मराठीने त्यातली अक्कल उचलली आणि कानडीने सावधपणा. आमच्या घरात दोन्ही अर्थ एका छपराखाली नांदतात आणि अधूनमधून गोंधळही होतो. लेक लहान असताना अज्जीने जिन्यावरून "हुषार!" म्हणून ओरडावं आणि हिने "हो, आहेच मी!" म्हणून आणखी दोन पायऱ्या उडी मारावी.

भोपाळला पोचलो. संध्याकाळी शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी फिरताना भावोजींनी मला त्यांच्या परीने धीर द्यायला सुरुवात केली. म्हणाले, "अगं, तुम्ही डोंगर म्हटलं की पावसाळाच धरता. इथे बारा महिने काही ना काही चालूच असतं." आणि त्यांनी वर्षाचा हिशेबच मांडला. थंडीत पचमढीचे वालुकाश्माचे कडे चढायचे, सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मढईला देनवा नदीवर होडीतून किंवा वाटाड्याबरोबर पायी जंगल बघायचं. उन्हाळ्यात खाली भोपाळ भाजतं, तेव्हा पचमढीच्या पठारावर मुलांची शिबिरं. भारत स्काउट्स अँड गाइड्सचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीलाच आहे. पावसाळ्यात श्रावणातली नागद्वारी. आणि भोपाळच्या तलावांवर कयाक, कनू, रोइंग यांचा सराव. ग्वाल्हेरची प्राची यादव, जिचे पाय जन्मापासून साथ देत नाहीत, ती भोपाळच्याच तलावात घडली. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये पॅराकनूत उतरणारी ती पहिली भारतीय. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊला आशियाई पॅरा स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवलं.

"आणि एव्हरेस्ट म्हणशील," भावोजी थांबायला तयार नव्हते, "तर २२ मे २०१९ ला आमच्या मध्य प्रदेशातल्या दोन मुली एकाच दिवशी वर पोचल्या. सीहोरची मेघा परमार आणि छिंदवाड्याकडच्या तामियाची भावना डेहरिया. दोघी साध्या घरातल्या. तामिया तर पचमढीच्या शेजारच्याच डोंगरात."

मी ऐकत होते. लेक दोन पावलं पुढे भाचीबरोबर चालत होती. हात वर करून काहीतरी पकडल्यासारखं करत दाखवत होती. घरात इतकं मोकळं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

भोपाळहून पचमढी सुमारे दोनशे किलोमीटर. नर्मदा ओलांडायची, पिपरियावरून घाट चढायचा. वर पोचलो तर रात्री पावसाचे शिंतोडे पडले. सकाळी मुलं तयार होऊन बसली आणि त्यांच्या सरांनी सांगून टाकलं, "आज चढाई नाही."

मला वाटलं, मुलं घसरू नयेत म्हणून. सर म्हणाले तेही आहेच, पण मुख्य कारण दगडाचं. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्हाचा. पचमढीचा खडक वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला. तो ओला झाला की आतून कमकुवत होतो. वरून सुकलेला दिसला तरी हाताची पकड तुटून येऊ शकते. म्हणून एक दिवस वाट बघायची. मुलांचे चेहरे उतरले. पैसे भरलेत, लांबून आलोय, सुट्टी वाया जातेय, सगळं बोलून झालं. सर शांतपणे चहा पीत राहिले. मला तो माणूस तिथेच आवडला.

मग त्या दिवशी आम्ही चौरागडला गेलो. महाशिवरात्रीची यात्रा भरलेली. माथा तेराशे मीटरच्या आसपास उंच आणि शेवटी पायऱ्याही तेराशेच्या घरात. बघते तर काय, सगळीकडे मराठी! अमरावती, वर्धा, नागपूर, यवतमाळ, विदर्भातली गावंच्या गावं महादेवाला आलेली. नवस फेडायला खांद्यावर त्रिशूळ. कुणाचा हातभर, कुणाचा दोन-तीन माणसांनी मिळून उचलायचा. मंदिराच्या आवारात वाहिलेल्या त्रिशुळांचे ढीग. हीच माणसं श्रावणात नागपंचमीला पुन्हा येतात. तेव्हा व्याघ्र प्रकल्पाच्या आतली नागद्वारीची वाट वर्षातून तेवढे सात-दहा दिवस उघडते आणि भर पावसात डोंगरामागून डोंगर चढत लोक जातात. साहसी खेळ हे शहरातल्या पोरांचं नवं खूळ, असं मी आजवर समजत होते. माझ्यापुढे सत्तरीच्या बायका नऊवारीत, अनवाणी, कड्याच्या कडेने चालल्या होत्या.

अर्ध्यावर माझे गुडघे बोलायला लागले. कठड्याला टेकून उभी राहिले तर शेजारी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बस वं बाई जराशी. काऊन एवढी घाई? महादेव कुठं पयून चालला का?"

मी बसले. गाव कोणतं म्हणून विचारलं. मी बेळगाव म्हटलं, तर "तिकडं कानडी बोलतेत ना?" म्हणाल्या. "दोन्ही बोलतो," म्हटलं. त्या नेमाने दर पंचवीस पायऱ्यांना बसत होत्या. मागच्या वर्षी छातीत धडधडलं म्हणून इथूनच माघारी गेल्या होत्या, त्रिशूळ नातवाच्या हाती देऊन. "वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "वाटलं ना. पन यंदा आलीच ना मी?" आणि पदर खोचून उठल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं. तिसऱ्या दिवशी चढाई होती. मी लांब एका झाडाखाली बसले, पण डोळे कड्यावरून हलत नव्हते. चढण्याआधीच अर्धा तास तयारीत गेला. हेल्मेट, कमरेला हार्नेस, दोराची गाठ. गाठ स्वतः बांधायची, जोडीदाराने तपासायची, मग सरांनी. कॅराबिनरचं कुलूप लागलं की नाही ते बोटांनी दाबून बघायचं. खाली दोर धरणाऱ्याने "तयार" म्हटल्याशिवाय वरच्याने पाऊल उचलायचं नाही. कितीही वेळा चढलेला असला तरी यातली एकही पायरी गाळायची नाही. भाचीने तीन वर्षांत हे शेकडो वेळा केलं असेल, पण ती पहिल्यांदाच करत असल्यासारखी गाठ निरखत होती.

लेकीची पाळी आली. ती भराभर चढली. तीस-पस्तीस फुटांवर एका बाहेर आलेल्या दगडाशी अडकली. डावा पाय थरथरताना मला खालून दिसत होता. खालून मुलं ओरडायला लागली, "जाशील, जाशील! थोडंच राहिलं!" सरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग फक्त तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं, "बेटा, क्या करना है? तुम बताओ."

दोन-तीन मिनिटं गेली असतील. मला ती तासासारखी वाटली. मग लेक म्हणाली, "सर, आज नीचे आती हूँ." सरांनी दोर सोडत तिला अलगद खाली घेतलं. ती खाली आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. सर सगळ्यांना म्हणाले, "ऊपर जाना आठ दिन में सिखा दूँगा. लौटना सीखने में साल लगते हैं. इसने आज सीखा."

मला त्या क्षणी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा ओढा आठवला. इतकी वर्षं मी मनात म्हणत आले, की साहसाने आमच्या मित्राचा जीव घेतला. तिथे बसल्या बसल्या वाटलं, त्या दिवशी साहस कुठे होतं? तयारी नव्हती, माहिती नव्हती, परत फिरा म्हणणारा नव्हता. होता तो नुसता उत्साह. आणि मी लेकीला या सगळ्यापासून लांब ठेवून काय शिकवलं? घरात बसायला. उद्या मैत्रिणींबरोबर ती अशाच एखाद्या धबधब्यावर न सांगता गेली असती, तर गढूळ झालेलं पाणी बघून बाहेर पडायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी तर विषयच बंद केला होता.

रात्री तिच्याजवळ बसून मी तिला त्या मित्राची गोष्ट पहिल्यांदा सगळी सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी आठ दिवस रुसले नसते गं." दुसऱ्या दिवशी ती तो दगड ओलांडून वर गेली. पण खरं सांगते, मला आदल्या दिवशीचा तिचा उतरण्याचा क्षणच जास्त मोलाचा वाटतो.

आपल्या भागातल्या आईवडिलांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. पाऊस लागला की आंबोली, चोर्ला, खानापूरचं जंगल, दूधसागर, सगळीकडे मुलांची रीघ लागते. जुलै २०२३ मध्ये बंदी असताना दूधसागरला निघालेल्या शेकडो जणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते आपण मोबाइलवर बघून हसलो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हा हसू मावळलं. जानेवारी २०२४ मध्ये कुमारपर्वतावर इतकी गर्दी उसळली, की कर्नाटकाच्या वनखात्याला काही काळ ट्रेकिंग थांबवून ऑनलाइन नोंदणीची अट घालावी लागली. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून आयोजकांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम घालून दिले. नियम सरकार करेल, पण प्रश्न आपणच विचारायला हवेत.

मी आता कोणत्याही शिबिराच्या आयोजकाला इतकंच विचारते. बरोबर कोण आहे आणि त्याने रीतसर प्रशिक्षण घेतलंय का? किती मुलांमागे एक जाणता माणूस? वनखात्याची परवानगी काढली आहे का? प्रथमोपचार कुणाला येतात आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब? आणि शेवटचा प्रश्न, मागच्या वर्षभरात तुम्ही किती वेळा अर्ध्यातून परत फिरलात? ज्याला या शेवटच्या प्रश्नाचा राग येतो, त्याच्याबरोबर मुलाला पाठवू नये. मुलांना मात्र दोन गोष्टी पाठ करून द्याव्यात. पावसात ओढ्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की क्षणभरही न थांबता उंचावर जायचं, कारण पाऊस आपल्या डोक्यावर नसला तरी वर पडत असतो. आणि "मला भीती वाटते, मी थांबतो" असं मित्रांसमोर म्हणायला लाजायचं नाही.

आम्ही परत आलो. आठवड्याभराने लेकीने माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. हिमालयात अठ्ठावीस दिवसांचा गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम. पालकाची सही हवी होती. मला द्रौपदी का डांडा आठवला. शिकवणारे उत्तम होते, त्यांत सविता कंसवालसारखी होती, तरी डोंगराने ऐकलं नाही. सगळी काळजी घेऊनही काही उरतंच, हे मला ठाऊक आहे. तो फॉर्म दोन दिवस फ्रिजवर पडून होता. तिने एकदाही आठवण केली नाही. तिसऱ्या दिवशी मी सही केली. हात थरथरला, हे कबूल करते.

हे सगळं अत्तींना कुणी सांगायचं, असा प्रश्न होता. लेकीनेच कानडीत समजावलं, मोबाइलवर बर्फाचे फोटो दाखवले. अत्तींनी चष्मा लावून ते नीट पाहिले. एवढी थंडी, तिथे जेवायला काय देतात, एवढंच विचारलं. मग फोन तिच्या हातात परत देत म्हणाल्या, "हुषार. होगि बा."

आपण मराठीत "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. कानडीतही नुसतं जा म्हणत नाहीत, जाऊन ये म्हणतात. लेक या वेळी "आहेच मी" म्हणाली नाही. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "हूं अज्जी, बर्तीनि." येते.